भिंतीची बुरशी, धान्याची बुरशी आणि अन्ननलिका

पावसाळ्यात पत्र्याच्या खोलीत ओल धरते, भिंतीवर काळी बुरशी चढते. तिने खोकला आणि दमा वाढतो, हे पक्के. अन्ननलिकेचा आजार तिच्यामुळे होतो, असे मात्र सिद्ध झालेले नाही. अन्ननलिकेसाठी जास्त काळजी करावी ती त्याच खोलीतल्या धान्याच्या पोत्याची.

भिजलेल्या ज्वारी-मक्यावरची फ्युजेरियम बुरशी फ्युमोनिसिन नावाचे विष सोडते. १९९५ साली आपल्याच दख्खनच्या पठारावर, कर्नाटक-आंध्रकडच्या २७ गावांत, असे धान्य खाऊन लोकांना पोटदुखी व जुलाब झाले. झाले ते सगळ्यात गरीब घरांना. भिजलेले धान्य दुसऱ्या कोणाच्या ताटात जाणार? दक्षिण आफ्रिका आणि चीनच्या काही भागांत बुरशीचा मका खाण्यात होता, तिथे अन्ननलिकेचा कर्करोगही फार. संशय दाट आहे, पुरावा अपुरा. तंबाखू, मिश्री आणि दारूबद्दल मात्र शंका नाही.

भाकरी भाजली तरी हे विष पुरते जात नाही. जामखेडच्या बाजारात बुरशीने काळी पडलेली ज्वारी स्वस्त मिळाली, तरी घेऊ नका. पोते फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. घास अडकत असेल, वजन उतरत असेल, तर आम्लपित्त समजून गोळ्या खात बसू नका. सरकारी दवाखान्यात दाखवा, दुर्बिणीच्या तपासणीबद्दल विचारा.