खारवट जमीन व मुळाच्या पेशींतील वीज

नीरेच्या कालव्याखालील कित्येक काळ्या जमिनी पाणी साचून खारावल्या, हें सर्वश्रुत आहे. अशा रानांत ओल असूनहि पीक कां कोमेजतें? क्षारांमुळें मुळांस पाणी ओढणें जड जातें, हें उत्तर खरें. परंतु तें अपुरें आहे. दुसरें कारण पेशीच्या आवरणापाशीं घडतें.

लवण पाण्यांत विरघळलें म्हणजे त्याचे विद्युद्भारित कण सुटे होतात. त्यांस आयन म्हणतात. पालाश, म्हणजे पोटॅशियम, व सोडियम यांचे आयन धन भाराचे होत. प्राण्याच्या मज्जातंतूच्या आंत पालाश दाट व बाहेर विरळ असतो. सोडियमचें याच्या उलट. तंतु स्वस्थ असतां आवरणांतील पालाशाच्या वाटा बऱ्याच उघड्या व सोडियमच्या बहुतेक मिटलेल्या असतात. दाटीमुळें पालाशाचे आयन बाहेर पडूं लागतात, व प्रत्येकजण एकेक धन भार घेऊन जातो. आंतील मोठ्या ऋण कणांस मागोमाग जातां येत नाहीं. म्हणून आंतली बाजू ऋण होते आणि पालाशास मागें खेंचूं लागते. बाहेर जाण्याची ओढ व ही खेंच जवळजवळ तुल्य झाल्या म्हणजे आंतली बाजू बाहेरच्यापेक्षां सुमारें ७० मिलिव्होल्टनें ऋण राहते. हाच विश्रांति-विभव. एवढ्याकरितां फारच थोडे आयन हलावे लागतात, ही गोष्ट आम्हांस प्रथम नवलाची वाटली. इंग्लंडांत प्लिमथ येथें हॉजकिन व हक्स्ले यांनीं १९३९ सालीं माकूळ या समुद्रजीवाच्या जाड तंतूंत सूक्ष्म नळी घालून हा विभव प्रत्यक्ष मोजला. सोडियम थोडाथोडा आंत झिरपतोच. त्याचे तीन आयन बाहेर टाकून पालाशाचे दोन आंत घेणारा पंप आवरणांतच असतो, व त्यास पेशीची शक्ति खर्चावी लागते.

वनस्पतीच्या मुळाचा पंप निराळा आहे. तो हायड्रोजनचे आयन बाहेर लोटतो, व त्यायोगें आंतली बाजू बहुधा १२० ते २०० मिलिव्होल्ट ऋण होते. याच ऋणतेच्या बळावर मूळ हलक्या जमिनींतूनहि पालाश ओढून घेतें. खरी मेख येथेंच आहे. खारवट रानांतला सोडियमहि धन भाराचाच. तो त्याच ओढीनें आंत शिरतो. तो शिरला कीं ऋणता घटते, पालाश बाहेर नेणाऱ्या वाटा उघडतात आणि मुळानें कष्टानें साठविलेला पालाश मातींत परत जातो. पीक एकाच वेळीं विष घेतें व अन्न गमावतें!

कॅल्शियम बाहेर पुरेसा असल्यास सोडियमच्या कांहीं वाटा अंशतः अडतात. चोपण जमिनींत जिप्सम देण्याचा हा एक लाभ. त्याचें मुख्य काम मात्र मातीच्या कणांस चिकटलेला सोडियम सोडविणें हें होय. सुटलेला सोडियम पाण्याबरोबर वाहून गेला पाहिजे. चर न काढतां नुसतें जिप्सम पसरणें म्हणजे पैसा मातींत घालणें, असें आमचें स्पष्ट मत आहे. जमीन केवळ खारवट असून चोपण झाली नसेल, तर जिप्समवांचूनहि चर व गोडें पाणी यांनीं काम भागतें. म्हणून आधीं माती तपासून घ्यावी.