गुगलवर वेबसाइटखाली ‘साइटलिंक्स’ कशा येतात? पैसे देण्याआधी हे वाचा



गुगलवर ‘महावितरण’ किंवा ‘स्टेट बँक’ शोधून बघा. वेबसाइटच्या नावाखाली बहुतेक वेळा आणखी काही लिंक दिसतात. त्यावर क्लिक केलं की ग्राहक थेट हव्या त्या पानावर जातो. यांनाच साइटलिंक्स म्हणतात.

आता मुद्द्याचं. ‘तुमच्या साइटला साइटलिंक्स लावून देतो’ म्हणून कुणी पैसे मागितले, तर देऊ नका. या लिंक गुगलची यंत्रणा स्वतः निवडते. त्या विकत मिळत नाहीत, हातानं लावताही येत नाहीत. नको असलेली लिंक मागे सारण्याची सोय सर्च कन्सोलमध्ये होती, तीही गुगलनं २०१६ मध्ये बंद केली.

मग गोंधळ कुठे होतो? गुगलच्या जाहिरातीतही साइटलिंक्स असतात. त्या आपण स्वतः टाकतो आणि त्यावरच्या क्लिकचे पैसे लागतात. जाहिरात थांबली की त्याही गेल्या. त्यामुळे समोरच्याला आधी विचारा, ‘जाहिरातीतल्या की फुकटातल्या?’

आपल्या हातात काय आहे?

समजा, पुसदला तुमचा हळद पावडरचा व्यवसाय आहे.

१. नाव वेगळं ठेवा. साइटलिंक्स जास्त करून व्यवसायाचं नाव शोधल्यावर येतात. ‘साई ट्रेडर्स’ गावोगावी असतात, मग तुमचं कोणतं हे गुगलला कसं कळणार?

२. प्रत्येक कामाला वेगळं पान करा: हळदीचे प्रकार, होलसेल दर, ऑर्डर, संपर्क. सगळं एकाच लांबलचक पानावर असेल तर गुगल दुसरी पानं दाखवणार कुठून?

३. प्रत्येक पानाला स्वतःचं शीर्षक द्या. सगळीकडे ‘होम’ नको.

४. मुख्य पानावरून या पानांना लिंक द्या. ‘इथे क्लिक करा’ऐवजी ‘होलसेल दर’ असं स्पष्ट लिहा.

५. जुनं, बंद झालेल्या ऑफरचं पान साइटलिंकमध्ये येत असेल तर ते काढून टाका, किंवा त्याला ‘नोइंडेक्स’ लावा.

एवढं करूनही साइटलिंक्स येतीलच अशी गॅरंटी नाही, आणि नव्या साइटला वेळ लागतो. पण मेहनत वाया जात नाही. साइट नीट लावलेल्या दुकानासारखी झाली, की आलेल्या ग्राहकाला माल लगेच सापडतो.

आजचा गृहपाठ: स्वतःच्या व्यवसायाचं नाव गुगलवर शोधा. काय दिसलं ते कमेंटमध्ये नक्की सांगा!