मध्ये उभा राहणारा

सिन्नरच्या शिवारात बांधावरून दोघे भाऊ काठ्या घेऊन उठले, तर गाव काय करतं? आधी दोघांना लांब करतं. मग पंच बसतात. पंच कुणाच्याच बाजूचा नसावा.

देशाचंही असंच आहे. कोरिया हा एक देश. त्याचे दोन तुकडे झाले. १९५० साली भाऊ भावावर उठला. बाहेरची सैन्येही त्यात पडली. तीन वर्षं रक्त सांडलं. २७ जुलै १९५३ रोजी लढाई थांबली.

पण एक पेच उरला. सुमारे २३ हजार कैदी आपल्या मुलखात परत जायला तयार नव्हते. त्यांना ओढून न्यायचं का? नाही. ज्याला त्याला विचारायचं ठरलं. तोवर त्यांना सांभाळायचं कोणी? हे काम भारताकडे आलं.

आपले जवान तिथे गेले. त्यांचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. एकदा कैद्यांनी आपल्या एका अधिकाऱ्याला छावणीत धरून ठेवलं. गोळी चालली असती, तर किती जीव गेले असते! थोरात स्वतः आत गेले. कैद्यांशी बोलले. अधिकारी सुटला.

मुदत संपली, तरी सगळ्यांना विचारून झालं नव्हतं. पण आपल्या जवानांनी कुणाला बळजबरीनं परत धाडलं नाही. १९५४ साली ते मायदेशी आले.

कोरियात पक्का तह अजून झालेला नाही. भांडण सोडवायला एक घटका पुरते. मनं निवायला वेळ लागतो. तोवर मध्ये कुणीतरी उभं राहावं लागतं.