कोडिंगचा क्लास लावण्याआधी: छोटं फंक्शन लिहा, ते तपासा

दहावी-बारावीचे निकाल लागले की शिरोळ-जयसिंगपूरच्या घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो: कॉम्प्युटरकडे जायचं तर कोणती लँग्वेज शिकायची, कोणता क्लास लावायचा? ही काळजी रास्त आहे, कारण अनेक घरांत फी उसाच्या बिलातून बाजूला काढलेली असते. पण लँग्वेज आज एक चालते, उद्या दुसरी. टिकते ती कामाची सवय. मोठं काम छोट्या तुकड्यांत मांडायचं आणि एक तुकडा तपासल्याशिवाय पुढच्याला हात घालायचा नाही, ही सवय ज्याला लागली, त्याचा पाया पक्का. असा तुकडा म्हणजे फंक्शन. ते माहिती घेतं, नेमून दिलेलं एकच काम करतं आणि उत्तर परत देतं.

आपल्या भागातलंच उदाहरण घेऊ. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर सोसलेल्या शिरोळ तालुक्याला हे आकडे शिकवावे लागत नाहीत. आता असं फंक्शन लिहा, की पाण्याची पातळी दिली की ते ‘सुरक्षित’, ‘इशारा’ किंवा ‘धोका’ असं उत्तर देईल. नवशिका विद्यार्थी ३० देऊन पाहतो, ‘सुरक्षित’ येतं. ४० देतो, ‘इशारा’ येतं. आणि काम झालं असं समजतो. पण चूक लपते ती सीमेवर. ‘३९ पेक्षा जास्त’ असं लिहिलं असेल, तर बरोबर ३९ फुटांना फंक्शन ‘सुरक्षित’ म्हणेल. ३९ ची अट आधी आणि ४३ ची नंतर तपासली, तर ४५ फुटांनाही ‘इशारा’च येईल, कारण पहिली अट लागू होताच उत्तर परत जातं. म्हणून ३८.९, ३९, ४२.९, ४३ आणि ४५ या प्रत्येक आकड्याचं अपेक्षित उत्तर आधी कागदावर लिहायचं आणि मग फंक्शनच्या उत्तराशी ताडून पाहायचं. यालाच चाचणी म्हणतात.

याच फंक्शनला कुणी मीटरमधली पातळी दिली तर? १३.२ मीटर म्हणजे ४३ फुटांहून थोडं जास्त. पण फंक्शनला दिसतो फक्त १३.२ हा आकडा, आणि ते ‘सुरक्षित’ म्हणून मोकळं होतं. ही शंका पुस्तकी नाही. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ पोहोचून नष्ट झालं. एका सॉफ्टवेअरनं पौंडाच्या एककात दिलेले आकडे दुसऱ्यानं न्यूटनचे समजून वापरले होते.

काही पालक विचारतात, आता कोड एआयच लिहून देतं, मग हे शिकायचं कशाला? एआय कोड लिहून देतं हे खरं. पण ३९ ला काय उत्तर यायला हवं, हे ठरवणारा आणि आलेलं उत्तर पडताळणारा माणूस लागतोच. कोड जितका झटपट मिळेल, तितकी तपासणाऱ्याची गरज वाढेल. दुसरा आक्षेप सर्टिफिकेटचा. सर्टिफिकेट अर्जापुरतं उपयोगी पडतं. पण कॅम्पस भरतीच्या ऑनलाइन कोडिंग चाचणीत उमेदवाराचा कोड लपवलेल्या इनपुटवर चालवून पाहतात, आणि त्यात असे सीमेवरचे आकडे अनेकदा असतात. राहिला खर्चाचा प्रश्न. पायथन मोफत आहे, साध्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं आणि चाचण्या लिहिण्याची सोय त्यात मुळातच आहे.

म्हणून मोठी फी भरण्याआधी मुलामुलींनी महिना-दोन महिने घरीच अशी छोटी फंक्शन्स लिहून पाहावीत: वजन आणि दर घेऊन उसाचं बिल काढणारं, वीजबिलाचे टप्पे मोजणारं. पालकांना कोडिंग येण्याची गरज नाही. ‘हे बरोबर आहे, हे तू कशावरून ठरवलंस?’ एवढंच विचारावं. मुलीनं किंवा मुलानं चाचण्यांचा कागद पुढे ठेवला, एखादी चूक कुठे सापडली आणि ती कशी सुधारली हे सांगितलं, तर क्लास कोणताही लावा, पैसे वाया जाणार नाहीत.