उघडणाऱ्या पात्यांनी शिकवलेलं

मूळचा मी सातारा जिल्ह्यातला. आता अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये राहतो आणि सप्टेंबरच्या मध्याला हंगाम उघडला की धनुष्य घेऊन हरणाच्या शिकारीला जातो. आपल्याकडे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, शिकारीला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. इथे व्हाइटटेल हरणं उदंड आहेत; त्यांची संख्या आटोक्यात राहावी म्हणून राज्यच परवाने देतं. गावाकडच्या माणसांना हे पटावं असा माझा आग्रह नाही. पण ज्याचा जीव घ्यायचा त्याचे हाल होऊ नयेत, हे तिकडेही कळतं आणि इकडेही. बाणाच्या टोकाला लावायच्या मेकॅनिकल ब्रॉडहेडची पाती हवेत मिटलेली असतात आणि लागताक्षणी उघडतात. त्यांच्याविषयी मला जे काही उमजलं, ते याच काळजीपोटी.

१. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, तो कापतो. दोन्ही फुप्फुसं चिरली गेली तर हरीण काही सेकंदांत, बहुधा शंभर यार्डांच्या आत पडतं. म्हणजे सगळी भिस्त धारेवर. नव्या डबीतलं पातंही मी तपासल्याशिवाय लावत नाही. रबर बँड ताणून धरायचा आणि त्यावरून पातं न दाबता ओढायचं. तटकन तुटला तर ठीक. आधी दबला आणि मग तुटला, तर ते पातं बाजूला. इतक्या साध्या परीक्षेत कोरी पातीही कधी कधी नापास होतात, याचं मला अजून नवल वाटतं.

२. पातं फुकट उघडत नाही. त्याला लागणारी ताकद बाणाच्याच ताकदीतून वजा होते, आणि चिर जितकी रुंद तितका बाण कमी खोल जातो. बाणाच्या ताकदीचा हिशेब सोपा आहे: बाणाचं ग्रेनमधलं वजन (ग्रेन हे बाण मोजायचं बारीक माप) गुणिले सेकंदाला फुटांतल्या वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. ४०० ग्रेनचा बाण सेकंदाला २७० फुटांनी सुटला तर सुमारे ६५ फूट-पाऊंड भरतात. एवढ्यावर दोन इंच रुंद उघडणारं टोक निभावून जातं. माझ्या बायकोचं धनुष्य ओढायला ४० पाऊंडांचं. तिच्या भात्यात साधी, न हलणारी फिक्स्ड पातीच असतात. दुकानात रुंद पात्याचा मोह पडतो, पण आरपार गेलेला बाण मला जास्त भरवशाचा वाटतो. दोन्ही बाजूंनी रक्त सांडलं की माग काढता येतो.

३. रुंदीचा नियम राज्य ठरवतं, कोन मात्र आपणच ठरवायचा. विस्कॉन्सिनमध्ये ब्रॉडहेड किमान ७/८ इंच रुंद आणि धारदार हवं. हरीण कसं उभं असताना बाण सोडायचा, हे मात्र त्या क्षणी आपल्यालाच ठरवावं लागतं. हरीण आडवं असावं, किंवा थोडं पाठमोरं. आपल्याकडे तिरपं तोंड करून उभं असेल तर वाटेत खांद्याचं हाड येतं, एक पातं दुसऱ्याच्या आधी टेकतं आणि बाण वळू शकतो. अशा वेळी हात आवरणं हाही ब्रॉडहेड जाणण्याचाच भाग आहे.

४. सगळ्या यंत्रणेत सर्वांत नाजूक वस्तू सर्वांत स्वस्त असते. पाती मिटून धरणारं ते रबरी कडं किंवा प्लॅस्टिकची कॉलर. नोव्हेंबरच्या गोठवणाऱ्या थंडीत जुनं रबर कडक होतं, त्याला बारीक भेगा पडतात. नखाने हलकेच ताणून बघितलं की त्या दिसतात. हंगामाच्या सुरुवातीला मी सगळी कडी बदलतो. क्रॉसबोसाठीच्या, म्हणजे चाप ओढून बाण सोडणाऱ्या धनुष्यासाठीच्या, कॉलरी पाती जास्त घट्ट धरतात, कारण क्रॉसबोचा बाण वेगाने सुटतो. त्या साध्या धनुष्याच्या डबीत मिसळू देत नाही.

५. मेकॅनिकल टोक धनुष्याचे दोष झाकतं. मिटलेल्या पात्यांना वारा कमी लागतो, त्यामुळे वाकडा उडणारा बाणही निशाण्यावर लागल्यासारखा दिसतो. पण आत शिरताना त्याची ताकद वाकड्या उडण्यातच खर्च होते. म्हणून मी आधी फिक्स्ड पात्यांवर धनुष्य जुळवून घेतो. मग प्रत्येक बाण गरकन फिरवून टोकाकडे टक लावून पाहतो. टोक एका जागी स्थिर दिसलं पाहिजे. थरथरलं तर इन्सर्ट, म्हणजे टोक बसवायचा बाणातला तुकडा, तिरका बसलाय किंवा ब्रॉडहेडचं अंग वाकलंय. सराव करायचा तो त्याच वजनाच्या, न उघडणाऱ्या सरावी टोकांनी. निशाण्याच्या फोममध्ये एकदा घुसलेलं पातं नव्या धारेशिवाय हरणासाठी वापरायचं नाही.

६. घरी केलेली तपासणी झाडावरच्या मचाणावर शिळी होते. भात्याच्या टोपीतल्या फोममध्ये पातं अडकतं आणि बाण उपसताना अर्धवट उघडतं. तसाच सोडला तर ते पातं वारा धरतं आणि बाण भरकटतो. त्यामुळे बाण दोरीला लावण्याआधी टोकावर एक नजर टाकतो. दुसरी नजर वाटेतल्या काटक्यांवर: बोटाएवढी डहाळीही पाती वेळेआधी उघडायला पुरते.

७. बाण लागल्यावरही पाती मोजायची असतात. बाण सापडला की आधी रक्त बघतो. फिकट गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस. हिरवट, उग्र वासाचं काही लागलेलं असेल तर पोट, मग माग काढण्याआधी आठ-बारा तास थांबायचं. त्यानंतर पाती. एखादं तुटून आत राहिलं असेल, तर साफ करताना शरीरात घातलेला हात ते खोलवर कापू शकतं. शिवाय ते मांस घरी ताटात येणार असतं.

८. फिक्स्ड पातीवाल्यांचं म्हणणं खोटं नाही. हलणारा भाग नसेल तर तो बिघडणारही नाही. ऑरेगन राज्याने तर धनुष्याच्या शिकारीत हलती पाती अनेक वर्षं चालू दिली नाहीत. मी मेकॅनिकल वापरतो, कारण जुळवलेल्या धनुष्यातून ती रुंद चिर देतात आणि हरीण लवकर पडतं. पण त्या रुंदीची किंमत म्हणजे ही सगळी उठाठेव, आणि ती प्रत्येक बाणासाठी मोजावी लागते. ज्या वर्षी कामाच्या रगाड्यात तेवढा वेळ मिळणार नाही असं दिसतं, त्या वर्षी मीही भात्यात फिक्स्ड पातीच भरतो.