परप्रांत कळायला परप्रांती जायलाच हवं?

प्रश्न : मी नांदगावला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. इतर समाजांचे लोक जगाकडे कसे पाहतात, हे समजून घ्यायचं आहे. इथे राहून ते जमेल का?

उत्तर : का नाही? तुमच्याच तालुक्यात मनमाड आहे. रेल्वेमुळे ठिकठिकाणचे लोक तिथे येऊन वसले. अमृतसर-नांदेड सचखंड एक्सप्रेस तिथे थांबते आणि गावात गुप्तसर साहिब गुरुद्वारा आहे. एका रविवारी जा. डोकं झाका, पंगतीत बसा. जात-धर्म कोणी विचारणार नाही. पोळी मात्र दोन्ही हात पुढे करून घ्यायची. जेवून लगेच उठू नका. भांडी घासायला हात लावा, तिथे गप्पा आपोआप निघतात. पण ‘तुमच्यात असं का करतात?’ हा चौकशीवजा प्रश्न टाळा. ‘तुमच्या घरी कसं करतात?’ असं विचारलंत की माणूस स्वतःचं सांगतो. एकाचं बोलणं म्हणजे अख्ख्या समाजाचं मत, असंही धरू नका.

वेगळे विचार समजून घ्यायला व्याख्यानंही ऐका. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. नाशिकलाही गोदाघाटावर मे महिन्यात अशी व्याख्यानमाला असते. नुसत्या टिपणांचा फारसा उपयोग नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. न पटलेला एक मुद्दा मनात धरा आणि भाषण संपल्यावर वक्त्याला गाठून विचारा. परीक्षा आटोपल्या की यंदाच नाशिक गाठा.