दाताच्या मुळासाठी पाडलेले भोक

पडलेल्या दातांच्या जागी कवळी बसवतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. पण कवळीला मूळ नसते. ती हिरडीवर टेकलेली असते. मुळासकट कृत्रिम दात हवा असेल तर जबड्याच्या हाडात भोक पाडून त्यात टायटॅनियम धातूचा स्क्रू बसवावा लागतो. यालाच इम्प्लांट म्हणतात. स्वीडनचे शास्त्रज्ञ पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९५० नंतरच्या दशकात सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची उपकरणे बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती निघेनात. हाड त्यांना घट्ट धरून वाढले होते. या गुणाचा उपयोग करून १९६५ साली त्यांनी गोटेबोर्ग येथे पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले.

हाड धातूला धरून ठेवते खरे, पण भोक नेमक्या जागी, नेमक्या दिशेने आणि नेमके तितकेच खोल पाडण्याचे काम शल्यचिकित्सकाच्या हातात राहते. खालच्या जबड्याच्या हाडातून एक अरुंद नळी जाते. तिच्यातील मज्जातंतू दातांना, खालच्या ओठाला व हनुवटीला संवेदना पुरवतो. त्याला इजा झाली तर ओठ कित्येक महिने, क्वचित कायमचा बधिर राहतो. म्हणून स्क्रूचे टोक या नळीपासून निदान २ मिलिमीटर वर ठेवतात. शेजारच्या दाताच्या मुळापासूनही सुमारे दीड मिलिमीटर दूर राहावे लागते.

आता वहीत एक काटकोन त्रिकोण काढा. स्क्रूची लांबी १२ मिलिमीटर आहे आणि ड्रिल ५ अंशांनी कलले, असे समजा. ५ अंशांचा टॅन ०.०८७५ आहे, म्हणजे टोक सुमारे १ मिलिमीटर बाजूला जाईल. १० अंशांनी कलले तर २.१ मिलिमीटर, म्हणजे थेट शेजारच्या मुळात! तोंडातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, दाढेपाशी, १० अंशांचा कल डोळ्यांना सहज चकवतो.

शिवाय हाड लाकडाच्या फळीसारखे एकजिनसी नसते. बाहेर कठीण कवच, आत जाळीदार भाग. ड्रिल नेहमी मऊ बाजूकडे सरकू पाहते. वरचा पुढचा दात नुकताच काढलेला असेल तर त्या खळग्याची टाळूकडची भिंत कठीण असते, म्हणून ड्रिल ओठाकडे घसरते. अनुभवी शल्यचिकित्सक हे हाताला जाणवताच ड्रिल टाळूकडे रेटून धरतो. नवख्याचा हात इतका तयार नसतो.

यावर उपाय कारखान्यातल्यासारखाच निघाला. तांत्रिक शाळेत तुम्ही ड्रिल जिग पाहिला असेल: पट्टीत पोलादी बुश बसवलेला असतो आणि ड्रिल त्यातूनच खाली उतरते. जबड्याचे त्रिमितीय क्ष-किरण चित्र आणि दातांचा ठसा संगणकात जुळवून स्क्रूची जागा आधी ठरवतात. मग दातांवर टोपीसारखा बसणारा मार्गदर्शक साचा तयार करतात. अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा साच्याने केलेल्या कामात सरासरी चूक भोकाच्या तोंडाशी सुमारे १.२ मिलिमीटर व कोनात सुमारे ३.५ अंश आढळली. मोकळ्या हाताने केलेल्या कामात ती जास्त असते. साचा असला की नवखा आणि मुरलेला यांच्यातील फरकही पुष्कळ कमी होतो.

पण साचा असूनही चूक शून्य का होत नाही? ड्रिल फिरायला बुशमध्ये थोडी ढिलाई ठेवावीच लागते. पेन्सिलीभोवती कागदाची सैल नळी करून पाहा. नळी आखूड असेल तर पेन्सिल खूप डुलते, लांब असेल तर कमी. ढिलाई ०.२ मिलिमीटर आणि बुश ५ मिलिमीटर लांब असेल तर ड्रिल २ अंशांहून अधिक कलू शकते. मग बुश लांब का करू नये? कारण माणसाचे तोंड तेवढे उघडत नाही!

याहून मोठा धोका साचा नीट न बसण्याचा. तो एका बाजूने अर्धा मिलिमीटर उचललेला राहिला तर चुकीच्या जागी अगदी बिनचूक भोक पडते. म्हणून साच्याला लहान खिडक्या ठेवतात. त्यांतून तो दातांवर पुरता टेकला की नाही हे दिसते. सगळे दात गेलेले असतील तर साचा मऊ हिरडीवर डुगडुगतो, तेव्हा तो हाडात पिना ठोकून पक्का करतात. आणखी एक अडचण उष्णतेची. हाडाचे तापमान १ मिनिटभर ४७ अंश सेल्सिअस राहिले तरी त्याला इजा होते, असे १९८३ साली सशांवरील प्रयोगांत दिसले. साचा भोक झाकतो, त्यामुळे थंड पाण्याची धार आत कमी पोचते. मुरलेला माणूस अशा वेळी ड्रिल वारंवार वर काढतो. काही ड्रिलांच्या खुणांत टोकाची लांबी धरलेली नसते, हेही त्याला ठाऊक असते. नळीपासून राखलेल्या २ मिलिमीटरांतला जवळजवळ १ तेथेच संपू शकतो. तेव्हा साचा आला म्हणून अनुभवाचे काम संपले, असे मला वाटत नाही. ते भोक पाडण्याच्या आधी आणि आजूबाजूला सरकले, इतकेच.

दुसऱ्या एका पद्धतीत साचा नसतोच. जबड्यावर व ड्रिलच्या मुठीवर खुणा लावतात, कॅमेरे त्या टिपतात आणि ड्रिलचे टोक हाडात कोठे आहे ते पडद्यावर दिसत राहते. येथे नजर पडद्यावर आणि हात तोंडात, अशी कसरत असते. वीस वर्षे मोकळ्या हाताने काम केलेल्यालाही ती नव्याने शिकावी लागते. आणि मदतनिसाचा हात कॅमेऱ्याच्या आड आला की पडद्यावरचे ड्रिल जागच्या जागी थबकते; मग थांबावे लागते.